दोन वाल आणि पाच साळी

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बाजाराच्या दिवशी नक्की काय चालतं, हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षांचा संसार, पण जीभ रेटली नाही. माझ्या त्या लाजेपायी एका पोरीचं पोटातलं मूल जायची वेळ आली होती. त्यामुळे या गोष्टीत मला कुणी शहाणा म्हणू नये. शहाणी लंकाबाई.

मी पन्नालाल. ओतूरला आमचं कापडाचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून खांद्यावर गाठोडं घेऊन आले, आता आमच्या घरात भांडणंसुद्धा मराठीत होतात. मागच्या खोलीत पूर्वी लेडीज टेलर बसायचा. तो नारायणगावला गेला आणि खोली रिकामी पडली. चौऱ्याण्णव साली एका संस्थेची माणसं आली, म्हणाली, बाजाराच्या दिवशी आमची नर्स इथं बसेल, बायकांचं आरोग्य बघेल. मला वाटलं, थंडीताप, खोकला, फार तर हातपाय दुखणं. मी हो म्हणालो.

पहिल्याच दिवशी लंकाबाई नावाची ती नर्स माझ्यासमोर बसली. चाळिशीची, पश्चिमेकडच्या डोंगरातली, भातखाचरात वाढलेली बाई. नर्सिंगचं शिक्षण घेऊनही बोली होती तशीच राहिलेली. तिनं मला सरळ सांगितलं, "शेठ, मी बायांच्या अंगावर जाणं, जागेवरचे फोड, नवऱ्याकडून आलेले आजार, हे बघनार. नवराबायकोनं एकमेकांशी कसं वागावं ते बी सांगनार. तुमाला आधीच सांगितलेलं बरं." मी पाणी प्यायला म्हणून उठलो तो परत गेलोच नाही.

तिला घालवून द्यावं असं मनात होतं. पण दिलेला शब्द मागं घ्यायचा तर कारण द्यावं लागतं, आणि ते कारण तोंडातून काढण्यापेक्षा खोली देणं सोपं होतं.

पहिले दोन महिने तिच्याकडे काळं कुत्रंही फिरकलं नाही. डोंगरातल्या बाया बाजाराला यायच्या, पण सासू नाहीतर जाऊ बरोबर. त्यांच्या देखत नर्सकडे जाऊन सांगायचं काय? आणि सांगायला शब्द तरी कुठले? जे होते ते शिव्यांमधले. लंकाबाईनं यावर जो तोडगा काढला त्याला मी अजून मानतो. तिनं वाड्यावाड्यांवर फिरून बायांना सांगितलं, बोलू नका, दाणे आणा. लुगड्याची नाहीतर चोळीची चिंधी फाडायची, अर्धी घरी ठेवायची, अर्धीत दाणे बांधून दुकानातल्या डब्यात टाकायची. पांढरं जात असेल तर तांदूळ. जास्त लाल जात असेल तर नाचणी. जळजळ असेल तर मेथी, फोड असतील तर हुलगे. पोटातलं गेलं असेल किंवा जन्मून राहिलं नसेल तर वाल, जितकी लेकरं गेली तितके. आणि दिवस गेलेले असतील तर जितके महिने झाले तितके साळीचे दाणे. पुढच्या बाजाराला उरलेली अर्धी चिंधी दाखवायची, की लंकाबाई आत घ्यायची. नाव नाही, गाव नाही. आणि आत जायचं कारण? ब्लाउजचं माप द्यायला! टेलरची जुनी पाटी तिनं मुद्दाम काढली नव्हती.

डबा ठेवला होता माझ्या गल्ल्याशेजारी. साड्या बघता बघता एखादी बाई पुरचुंडी त्यात सोडायची आणि पदर सारखा करून उभी राहायची. सून आत गेली की सासूला बाहेर रमवायचं काम माझ्याकडे. मी एकेक साडी अशी उलगडून दाखवायचो की न घेणाऱ्याला लाज वाटावी. कुणी घेत काही नसे. माझी चिडचिड व्हायची, पण सासवा खूश.

आता मुख्य गोष्टीवर येतो. त्या वर्षी आमचं पर्युषण चालू होतं, म्हणजे उपवासाचे, दानधर्माचे दिवस. बाजाराच्या दिवशी मी सकाळपासून मंदिरात होतो आणि दुकानावर कस्तुरबाई, माझी बायको, बसली होती. लंकाबाई पुण्याला ट्रेनिंगला गेल्यामुळे त्या आठवड्यात येणार नव्हती. पुरचुंड्या मात्र आल्या. संध्याकाळी कस्तुरबाईनं डबा उघडला. आत अकरा पुरचुंड्या, प्रत्येकीत मूठभर नाही, चिमूटभर धान्य. पर्युषणाचे दिवस, आणि आमच्या गच्चीवर ती रोज सकाळी पारव्यांना दाणे घालते हे ओतूरला सगळ्यांना ठाऊक. तिला वाटलं, डोंगरातल्या गरीब बाया पाखरांसाठी दाणे ठेवून गेल्या! तिचे डोळे भरून आले. शिवाय बांधलेल्या धान्यात किडे झाले तर ते पाप वेगळंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं णमोकार मंत्र म्हणत अकराही पुरचुंड्या गच्चीवर सोडल्या, आणि चिंध्या स्वच्छ धुऊन दोरीवर वाळत घातल्या.

मला हे कळलं ते लंकाबाई परत आली तेव्हा. तिनं डबा उघडला, तर आत चिंध्यांची नीट घडी.

"शेठ, दानं कुठं गेलं?"

कस्तुरबाई कौतुकानं म्हणाली, "पारव्यांना घातले. तुमच्या बाया लई भाविक हायेत हो."

लंकाबाईनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमी भाभींना सांगितलंच न्हाई?"

मी टेप गुंडाळायला लागलो. दुसरं काय करणार?

त्या दिवशी लंकाबाईनं कस्तुरबाईला आत नेलं आणि तासभर सगळं समजावलं. बाहेर आल्यावर कस्तुरबाई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मला तिचा राग समजत होता. चूक तिच्या हातून झाली, पण करायला लावली होती मी.

दिवसभरात दहा बाया आपापली अर्धी चिंधी घेऊन आल्या. लंकाबाईनं त्यांना पुन्हा विचारून घेतलं. एक चिंधी तेवढी राहिली. जांभळ्या रंगावर पिवळी बुट्टी. कस्तुरबाईनं ती हातात घेतली आणि तिला एकदम आठवलं.

"हिच्यातले दाणे मला ध्यानात हायेत. दोन वाल व्हते. पारव्यांनी वाल खाल्लेच न्हाईत, म्हणून मी उचलून ठेवले. आणि साळी व्हत्या. मोजून पाच. एवढ्याशा दाण्यांचं कुणी दान करतं का, म्हणून मोजल्या."

लंकाबाईनं खोलीचं दार लावून घेतलं. मग तिनं आम्हाला दोघांनाही सांगितलं. या बाईची दोन लेकरं गेलीत. आता तिसऱ्यांदा पाचवा महिना आहे. अशी लागोपाठ मूल जाण्यामागं कधी कधी गरमीचा आजार असतो, सिफिलिस. नवऱ्याकडून बायकोला येतो, बायकोकडून पोटातल्या मुलाला. वरून काही दिसत नाही, रक्त तपासलं तरच कळतं. "आणि याला इंजेक्शन हाय, शेठ. साधं पेनिसिलिन. येळेवर दिलं तर पोर वाचतं. पन नवऱ्याला बी द्यायला लागतं, न्हाईतर पुन्यांदा तेच."

"मग ती आली का नाही आज?" मी विचारलं.

"सोडलं नसंल घरच्यांनी. दोन पोरं गेलेली सून, तिला बाजारात कोन पाठवतंय?"

मी चिंधी उजेडात धरली आणि माझी छाती फुगली. कापडवाला कापड विसरत नाही. हा माझाच माल! दोन वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका वाडीच्या गेणभाऊनं मुलीच्या लग्नात वाडीतल्या बायांना आहेर करायला या ताग्याचे ब्लाउजपीस नेले होते, सगळेच्या सगळे. दुसऱ्या कुणाला मी त्यातला वीतभरही विकला नव्हता. मी म्हणालो, "उद्याच जातो. गेणभाऊला चिंधी दाखवतो, संध्याकाळच्या आत पोरीचं नाव सांगतो तुम्हाला."

लंकाबाईनं माझ्या हातातून चिंधी काढून घेतली. "तुमी वाडीत चिंधी दाखवली, की त्या पोरीचं त्या घरातलं शेवटचं जेवान झालं म्हनून समजा. तिनं नाव न्हाई दिलं, शेठ. आपन बी काढायचं न्हाई."

"मग मूल गेलं तर चालेल?" मी ओरडलोच.

"न्हाई चालनार," ती शांतपणे म्हणाली. "म्हनून सगळ्या वाडीचं रगात तपासायचं. पोटुशी असंल ती आन तिचा नवरा, दोघं बी. मग कोन कुनाला बोट दाखवतंय?"

चार दिवसांत तिनं संस्थेच्या डॉक्टरीणबाईंना तयार केलं, जीप मिळवली. मला बरोबर घेतलं, कारण गेणभाऊ माझा शब्द मानतो. कस्तुरबाई स्वतःहून जीपमध्ये येऊन बसली. अजूनही माझ्याशी बोलत नव्हती.

वाडीत देवळासमोर माणसं जमली. नऊ जोडपी होती. पण बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. लंकाबाई पुरुषांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. भाताला करपा कसा येतो हे सांगावं इतक्या सहज. आजार कुठून येतो, कसा पसरतो, मूल कसं जातं. "बाईच्या अंगात दोष, बाईचा पाय पांढरा, असं म्हनायची आपली रीत हाय. मी बी इथल्याच डोंगरातली. माझ्या चुलतीला तीन पोरं गेली म्हनून माहेरी धाडली व्हती. ती तिथंच मेली. चुलत्याचं रगात कुनी बघितलं न्हाई."

पुरुष खाली बघत होते. एक जण म्हणाला, "आमी काय असल्या ठिकानी जातो व्हय, बाई?" दुसऱ्यानं मला गाठलं. "शेठ, तुमी दिलंय का रगात? का आमालाच?"

आता खरं सांगतो, मला घाम फुटला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जैन संघात मान, दहा गावांत उधारीवर विश्वास, आणि त्या आजारासाठी चारचौघांत रक्त द्यायचं? उद्या ओतूरला काय बोलतील? मी काहीतरी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात कस्तुरबाई उठली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला होता तसाच ठेवून तिनं डॉक्टरीणबाईंपुढं हात केला.

"माझं घ्या. आणि यांचं बी घ्या." मग पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "बसा की. उभे काय ऱ्हायलात?"

मी बसलो. सुई टोचली तेव्हा मी देवळाच्या कळसाकडे बघत होतो. माझी बायको माझ्याकडे बघत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हिला मी काहीच सांगितलेलं नाही, आजवर, कशातलंच. शेजारी शेजारी बसून आम्ही दोघं कापूस दाबत राहिलो.

मग गेणभाऊ म्हणाला, "शेठानं दिलं, आता कुनी तोंड वर करू नका." नऊच्या नऊ जोडप्यांनी रक्त दिलं.

निकाल आला तो आम्हाला कधीच कळला नाही. लंकाबाईनं नऊही जोडप्यांना, आणि आम्हालाही, तीन आठवडे ओळीनं बोलावलं. कुणाला लोहाच्या गोळ्या, कुणाचं वजन, कुणाला इंजेक्शन. कोण कशासाठी आत गेलं हे बाहेर बसलेल्याला समजायला मार्गच नव्हता. एका जोडप्यासाठी ती नऊ जोडप्यांचं काम करत होती. घरी जाताना तिची शेवटची एसटी चुकायची, मग ती कस्तुरबाईजवळ झोपायची.

पण मी दुकानदार माणूस, कान माझे ऐकल्याशिवाय राहत नाहीत. त्या जोडप्यांमधला एक तरुण होता. त्याला सुनील म्हणू, त्याच्या बायकोला मोहिनी. खरी नावं सांगणार नाही. तो आधी टोमॅटोच्या ट्रकवर क्लीनर होता, वाशीला जायचा यायचा. पहिल्या आठवड्यात आतून त्याचा आवाज चढलेला ऐकला. "आमच्या घरात असलं काय नव्हतं! हिनं कुठनं आनलं ते विचारा हिला!"

मग लंकाबाईचा आवाज. "कुनी आनलं ते रगात सांगत न्हाई. ते तुमाला ठावं. मला नगा सांगू, मला त्याचं काम न्हाई. हिला सांगा. घरी जायच्या आधी सांगा."

नंतर आतून फक्त त्याचंच पुटपुटणं येत राहिलं. दोघं बाहेर आली तेव्हा मोहिनीचा चेहरा रडून सुजला होता. सुनील तिच्या पुढं नाही, शेजारून चालत होता, आणि पायरीवर त्यानं तिला हात दिला. मी घडी घातलेल्याच साडीची पुन्हा घडी घालत राहिलो.

दुसऱ्या आठवड्याला तो यायच्या आधीच मी अस्वस्थ. आला नाही तर? बारा वाजले, एक वाजला. कस्तुरबाई गच्चीवरून दोनदा खाली डोकावून गेली. दीडच्या एसटीनं आली दोघं. तिसऱ्या आठवड्यालाही आली. त्यानंतर मोहिनी एकटीच तपासायला यायची, पोट पुढं आलेलं, चालताना कमरेवर हात. मी तिला बसायला स्टूल द्यायचो आणि काही न कळल्याचं नाटक करायचो. तिच्या सासूनं, साळुबाईनं, सगळ्या वाडीत सांगून ठेवलं होतं, हे तिसरं गेलं तर सुनेला माहेरी पाठवणार आणि पोराचं दुसरं करणार. मुलगी पण ठरवलेली होती म्हणे. हे गेणभाऊनं मला सांगितलं, मी कस्तुरबाईला सांगितलं. आताशा मी तिला बऱ्याच गोष्टी सांगायला लागलो होतो. त्या थंडीत आम्ही दोघं त्या पोरीच्या दिवसांची मोजणी घरच्या लेकीसारखी करत होतो.

माघात एका बाजाराला दुकान गच्च भरलेलं. लग्नसराईची खरेदी. त्या गर्दीतून साळुबाई आत आली, तिच्यामागं सुनील, आणि मोहिनी. मोहिनीच्या खांद्यावर दीड महिन्याचं पोर. माझ्या हातातली पट्टी खाली पडली.

"शेठ, बारशाचं कापड दाखवा, चांगलं," साळुबाई म्हणाली. मग नेहमीच्या सवयीनं सगळ्या दुकानाला ऐकवायला लागली. "तिसऱ्या खेपंला देवानं ऐकलं बया. आमची सून पांढऱ्या पायाची. दोन खाल्ली तिनं. म्या किती नवस केलं तवा कुठं..."

"आई," सुनील म्हणाला.

"काय रं?"

"तिनं न्हाई खाल्ली. आजार माझा व्हता. माझ्याकडनं तिला गेला, तिच्याकडनं पोरांना. दोन्ही माझ्यापायी गेली."

दुकानात पंधरा-वीस माणसं असतील. साळुबाईच्या हातात हिरवं कापड होतं, ते तिनं धरून ठेवलं होतं. सुनीलचे कान लाल झाले होते, पण त्यानं मान खाली घातली नाही. "इंजेक्शन घेतलं दोघांनी, म्हनून हे वाचलं. पुन्यांदा तिला पांढऱ्या पायाची म्हनू नगंस."

मोहिनीनं त्याच्याकडे बघितलं. मी आयुष्यभर बायकांना साड्या दाखवल्या, त्यांचे चेहरे वाचून पोट भरलं, पण तसा चेहरा मी पाहिला नव्हता. साळुबाई खाली बसली, आणि मग तिनं दोन्ही हात वर करून सुनेकडून पोराला मागून घेतलं.

त्यांना कापड देऊन मी गल्ला तसाच सोडून मागच्या खोलीकडे पळालो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अक्षरशः पळालो. लंकाबाई वहीत काहीतरी लिहीत होती.

"लंकाबाई! सुनीलनं आज भर दुकानात, आईसमोर..." आणि मी सगळं सांगितलं. आवाज माझा कापत होता, त्याची मला लाज वाटली नाही. शेवटी म्हणालो, "हे सगळं तुमच्यामुळं झालं, बाई."

तिनं वहीतून मान वर केली नाही. "कोन सुनील?" ती म्हणाली.

मला असा संताप आला! एवढं मोठं घडलं, एका पोरीचं घर राहिलं, मूल राहिलं, एक पुरुष माणसासारखं बोलला, आणि ही बाई अजून गुपित सांभाळत बसली होती, माझ्यापासून, ज्यानं तिच्या कामासाठी रक्त दिलं त्याच्यापासून. मी पाठ फिरवली आणि दाराशी पोचलो.

"शेठ," मागून आवाज आला. मी वळलो. पेन तसंच हातात होतं, पण लिहीत काही नव्हती. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"पोर नीट दूध ओढतंय का?"